पुण्यात मुलीला कुठे ठेवायचं? कॉटच्या भाड्यामागचा पूर्ण हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांच्या मुलीला पुण्यात कात्रज-धनकवडीच्या बाजूला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. प्रवर्ग ओबीसी, शिक्षण शुल्क माफ. महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या जागा संपल्या. आता तीन पर्याय समोर आहेत. एक खासगी हॉस्टेल, कॉटचे ६,५०० रुपये, जेवण वेगळं. दुसरं एका बाईंनी चालवलेलं लहान हॉस्टेल, जेवण आणि वीज धरून ९,५०० रुपये, पैसे फक्त दहा महिन्यांचे. तिसरा पर्याय १८,००० भाड्याचा टू बीएचके, प्रवेशाच्या रांगेत ओळख झालेल्या तीन मुलींबरोबर. घरून महिन्याला ९,००० रुपयांपेक्षा जास्त पाठवणं जमणार नाही. वडील विचारतात, यातलं कोणतं घ्यावं, जागा चांगली की वाईट हे दोन तासांच्या भेटीत कसं ओळखावं, आणि गेट टाईम, म्हणजे रात्री हॉस्टेलचं दार बंद व्हायची वेळ, किती कडक असावी?

मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली, आणि आता बाहेरगावच्या मुलींना जागा पाहून देण्याचं काम करते. त्यामुळे आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. पहिलं वर्ष त्या लहान हॉस्टेलमध्ये ठेवा, मात्र खाली सांगते त्या तपासणीत ते उतरलं तरच. फ्लॅटचा विचार दुसऱ्या वर्षी करा. ६,५०० रुपयांचं हॉस्टेल तिन्हींमध्ये सगळ्यात महाग आहे, म्हणून ते सोडा.

महाग कसं, ते मांडून दाखवते. अशा हॉस्टेलचा करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो. मुलगी दिवाळीला, सेमिस्टरच्या सुट्टीला आणि उन्हाळ्यात घरी येणार, म्हणजे राहणार जेमतेम दहा महिने, पण भाडं अकरा महिन्यांचं जाणार: ७१,५०० रुपये. दोन वेळच्या मेसचे महिन्याला ३,५०० धरा, दहा महिन्यांचे ३५,०००. वीज वेगळी असेल तर ४०० प्रमाणे ४,४००. शिवाय डिपॉझिटमधून 'मेंटेनन्स', 'रंगकाम', 'नोंदणी' अशा नावांनी कापले जाणारे आणि परत न मिळणारे साधारण ३,०००. बेरीज १,१३,९०० होते. तिला दहाने भागा: महिन्याला जवळजवळ ११,४०० रुपये. लहान हॉस्टेलचे ९,५०० गुणिले दहा म्हणजे ९५,००० रुपये. बोर्डावर ३,००० रुपयांनी स्वस्त दिसणारी जागा वर्षाअखेर १८,९०० रुपयांनी महाग पडते. यात रविवारच्या संध्याकाळचं जेवण धरलेलंच नाही. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, आणि त्या रात्री मुली बाहेर खातात किंवा मॅगीवर भागवतात.

म्हणून जागा पाहायला गेलात की 'भाडं किती' एवढ्यावर थांबू नका. 'जूनपासून मेपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार आणि त्यातलं किती परत येणार' असं विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. प्रामाणिक मालक पाच मिनिटांत लिहून देतो. जो 'तुम्ही राहायला तर या, मग बघू' म्हणतो, त्याच्याकडे पुढचं काही पाहायची गरज नाही.

फ्लॅटचाही हिशेब करू. १८,००० भाडं चौघींत वाटलं की ४,५०० वाट्याला येतात, अकरा महिन्यांचे ४९,५००. एजंट एक महिन्याचं भाडं घेतो, त्यातला एकीचा वाटा ४,५००. कराराचा खर्च माणशी ७५० धरा. वीज, गॅस, इंटरनेट मिळून महिन्याला ७००, म्हणजे ७,७००. डबा ३,३०० रुपयांचा लावला तर दहा महिन्यांचे ३३,०००. बादल्या, भांडी, गादी, पडदे यांचे पहिल्या वर्षी २,५००. एकूण ९७,९५०. म्हणजे लहान हॉस्टेलच्या जवळपास तेवढेच. वर डिपॉझिट ६०,००० मागतात, त्यातले १५,००० आपले अडकून राहतात. दुसऱ्या वर्षी एजंट नाही, भांडी घ्यायची नाहीत, तेव्हा फ्लॅट खरंच स्वस्त पडायला लागतो.

तरी पहिल्या वर्षी मी फ्लॅटला नको म्हणते, कारण चौघींतली एक निघाली की उरलेल्या तिघींवर माणशी ६,००० येतात. आणि पहिल्या वर्षी एक तरी निघतेच. प्रवेशाच्या पुढच्या फेरीत दुसरं महाविद्यालय मिळतं, एखादीला करमत नाही, एखादीच्या घरी अडचण येते. रांगेत ओळख झालेल्या मुलींचा स्वभाव, झोपायच्या वेळा, स्वच्छतेच्या सवयी यातलं अजून कुणालाच काही माहीत नाही. वर्षभर एका वर्गात बसल्यावर कुणाबरोबर राहायचं हे मुलीला नीट कळतं. तेव्हा घेतलेला फ्लॅट टिकतो.

आता पैशांच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ज्या घरांत मुलीला जवळच्या गावी बी.ए.ला घालायचं ठरलं होतं, तिथल्या मुली आज पुण्यात अभियांत्रिकी आणि फार्मसीला येत आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण फी गेल्यावर राहण्या-जेवण्याचा खर्च हाच शिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च उरतो, आणि त्याची तयारी करून कोणी येत नाही. प्रवेश ऑगस्टमध्ये पक्का होतो, हॉस्टेल शोधायला चार दिवस मिळतात, आणि त्या चार दिवसांच्या घाईवरच इथले पुष्कळ लोक पैसे कमावतात.

तुमच्यासाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलामुलींना पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात मिळतात: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना याच धर्तीच्या आहेत. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरायचा. ज्ञानज्योती आधार योजनेच्या जागा मर्यादित आहेत, गुणांची आणि उत्पन्नाची अट आहे, आणि ज्या गावात महाविद्यालय आहे तिथलाच रहिवासी चालत नाही. जिंतूरच्या मुलीला ही शेवटची अट अडवणार नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, आधार कार्डाशी जोडलेलं बँक खातं आणि जिथे राहते तिथला भाडेकराराचा किंवा हॉस्टेलचा कागद तयार ठेवा. यातला शेवटचा कागद अनेक जणींकडे नसतो, कारण मालकाने काही लिहूनच दिलेलं नसतं. तेवढ्यावरून अर्ज अडकतो.

या रकमेविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. निवासाचे २०,००० दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,००० होतात. पुण्यात आज २,००० रुपयांत माणसाने राहावं अशी कॉट मला माहीत नाही. स्वाधार २०१६-१७ मध्ये सुरू झाली तेव्हा हेच आकडे होते, आणि नंतरच्या योजनांनी तेच उचलले. भोजनाच्या ३२,००० मध्ये मेसचा बहुतेक खर्च निघतो, निवासाच्या रकमेत मात्र अर्धं भाडंही सुटत नाही. भाड्याचा हा हिस्सा शासनाने वाढवायलाच हवा, आणि दरवर्षी नव्याने पाहायला हवा. दुसरं म्हणजे पैसे उशिरा येतात. कधी वर्ष संपत आल्यावर, कधी पुढच्या वर्षी. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचं गणित या पैशांशिवाय जमवा. पैसे आले की ९५,००० मधून ६०,००० वजा होतील आणि घरून वर्षाला ३५,००० च द्यावे लागतील. ९,००० च्या मर्यादेपेक्षा महिन्याचे ५०० रुपये जास्त जात आहेत म्हणून तुम्ही अडला असाल, तर एवढ्यासाठी मुलीला वाईट जागेत ठेवू नका.

महाविद्यालयांकडे वसतिगृहं इतकी कमी का, असं वडील सगळीकडे चिडून विचारतात. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून पुण्याच्या चारही दिशांना महाविद्यालयं उभी राहिली, जागा हजारोंनी वाढल्या. वसतिगृहं त्या गतीने बांधली गेली नाहीत, कारण वर्गखोलीशिवाय मान्यता मिळत नाही, वसतिगृह कमी पडलं तर चालून जातं. विद्यापीठाच्या आवारातली वसतिगृहं तिथल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी असतात, संलग्न महाविद्यालयांतल्या मुलांना त्यांचा उपयोग नाही. जुन्या धर्मादाय वसतिगृहांच्या जमिनी आता शहराच्या मध्यात सोन्याच्या भावाने आहेत. २०२५ मध्ये मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीवरून केवढा वाद पेटला, ते सगळ्यांनी पाहिलं.

याच महाराष्ट्रात १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या मुलांसाठी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर शहरात शिकायचं तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग १९२४ मध्ये सुरू झालं. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली, ती आजही ग्रामीण भागातल्या मुलामुलींना माफक खर्चात ठेवते आणि श्रमाची कामं वाटून देते. तिथले अर्ज बारावीच्या निकालाच्या आसपास निघतात, मुलाखत होते. तुमच्या मुलीला यंदा उशीर झाला असला तरी धाकटी भावंडं असतील तर आत्ताच लक्षात ठेवा. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहातही अर्ज करून ठेवा, आणि ओबीसी मुलींसाठी जिल्हावार सुरू झालेल्या वसतिगृहांतही. यादीत नाव मागे असलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जागा निघते.

आता तपासणी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण चार वर्षांचं आरोग्य इथे ठरतं.

सगळ्यात आधी पाणी. सकाळी सात ते आठच्या मध्ये जा. हॉस्टेलवाले दुपारी बोलावतात, कारण दुपारी सगळं शांत आणि धुतलेलं असतं. सकाळी गेलात की एका संडासापुढे किती मुली बादली घेऊन उभ्या आहेत ते दिसतं. माझा अनुभव असा की एका संडास-बाथरूममागे सहापेक्षा जास्त मुली असल्या की पहिलं लेक्चर बुडायला सुरुवात होते. नळ सोडून दोन मिनिटं वाहू द्या. पाणी महापालिकेचं आहे, बोअरचं की टँकरचं, ते विचारा. पेठांत आणि जुन्या वस्त्यांत पालिकेचं पाणी येतं. नऱ्हे, आंबेगाव, धायरी, वाघोली अशा वाढत्या भागांत पुष्कळ इमारती टँकर आणि बोअरवर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचा (गुलेन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचा) उद्रेक झाला, शहर आणि परिसरात दीडशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. तुमच्या मुलीचं महाविद्यालय तिथून लांब नाही. म्हणून टाकी शेवटची कधी धुतली, आणि पिण्याच्या पाण्याच्या यंत्रावर सर्व्हिसिंगच्या तारखेचा स्टिकर आहे का, ते स्वतः पाहा. स्टिकर नसेल किंवा वर्षापूर्वीचा असेल तर ते यंत्र भिंतीवरची शोभा आहे असं समजा.

मग खोली. टू बीएचके फ्लॅटचं हॉस्टेल करताना मालक हॉलमध्ये प्लायची भिंत घालतात, बाल्कनीला काच लावून तिथेही एक कॉट टाकतात. अशी कॉट हजार-दीड हजाराने स्वस्त देतात. एप्रिलमध्ये तिथे झोपता येत नाही आणि जुलैमध्ये भिंत ओली असते. खोलीत उभं राहून दार लावा, दिवा बंद करा, खिडकी उघडते का पाहा. उघडणारी आणि बाहेर मोकळ्यावर पडणारी खिडकी नसेल तर ती खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. कपाटाला कुलूप लागतं का, कॉटशेजारी चार्जिंगचा पॉईंट आहे का, टेबलाला जागा आहे का, एवढं पाहायला पुरतं.

गादी उलटून पाहा. लाज वाटू देऊ नका. शिवणीच्या कडेने, कोपऱ्यात बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. लाकडी कॉटच्या खाचांत मोबाईलचा टॉर्च मारा. ढेकूण झालेल्या हॉस्टेलमधून मुलगी दिवाळीला घरी आली की बॅगेतून तेही घरी येतात, आणि मग घरच्या पलंगापासून सगळं उन्हात काढावं लागतं. मालकाने 'पेस्ट कंट्रोल करतो' म्हटलं तर कधी केलं याची पावती मागा.

जेवण चाखायला रविवारी जाऊ नका. रविवारी दुपारी फीस्ट असते, गुलाबजाम मिळतो. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी जा आणि पैसे देऊन पूर्ण ताट घ्या. डाळीत डाळ किती आणि पाणी किती, भाजी सकाळचीच गरम केली आहे का, पोळ्या मोजून देतात की लागतील तेवढ्या, हे पाहा. मग ताट घेऊन तिथे बसलेल्या मुलींजवळ जा आणि दोनच प्रश्न विचारा: 'गेल्या महिन्यात आजारी किती जणी पडल्या?' आणि 'घरी गेलात तर खाडे धरतात का?' खाडे म्हणजे न जेवलेले दिवस. खाड्यांचा नियम बहुतेक मेसमध्ये असतो: सलग तीन-चार दिवस जाणार असाल आणि आधी कळवलं तरच पैसे वळते होतात. हा नियम वाईट नाही, पण तो लेखी हवा. तुमच्या लहान हॉस्टेलमध्ये दहा महिन्यांचे पैसे ठोक घेतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतल्या जेवणाचं काय, हे नक्की विचारा. मुलींचं उत्तर रेक्टरसमोर एक आणि जिन्यात दुसरं असेल, तर जिन्यातलं खरं धरा.

विजेचं थोडं. एका मीटरवर आठ-दहा मुली असल्या की युनिटं वाढतात आणि महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. त्यात काही मालक सबमीटर लावून स्वतःचा दर लावतात. प्रतियुनिट दर करारात लिहून घ्या आणि राहायला जाताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. वाय-फाय, जिम, एसी, बीन बॅग असलेली लॉबी यांचे पैसे मोजू नका. मोबाईलच्या डेटावर अभ्यास होतो. हॉटपॉटने भागेल, घाण पाण्याने भागणार नाही.

आगीबद्दल पालक कधीच विचारत नाहीत, म्हणून मी आग्रहाने सांगते. जिना एकच आहे का, त्यात स्कूटर आणि सिलिंडर ठेवलेत का, रात्री खालच्या ग्रिलला कुलूप लावून किल्ली कुणाकडे असते? मोठ्या इमारतीतल्या हॉस्टेलला राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. 'फॉर्म बी दाखवता का' एवढं विचारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच बरंच कळतं. आणि मुलगी ज्या अभ्यासिकेत बसणार ती तळघरात असेल तर दुसरी शोधा. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी घुसून ३ विद्यार्थी गेले. पुण्यातही जून ते सप्टेंबर पाऊस असतोच.

आता कागद. हॉस्टेल असेल तर छापील नियम, पैसे भरल्याची शिक्क्याची पावती, आणि त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: डिपॉझिट किती आणि सोडल्यावर किती दिवसांत परत, नोटीस किती दिवसांची, मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागणार का, आणि वर्षभरात भाडं वाढवणार का. यातला तिसरा मुद्दा सगळ्यात महाग पडतो. एका मुलीला डेंग्यू झाला, नोव्हेंबरमध्ये तिला घरी न्यावं लागलं, आणि मालकाने लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता येणार नाही अशी अट, दाखवून पुढच्या पाच महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून आणि वर रोखीने मागितलं. कागदावर वडिलांची सही होती, त्यामुळे आम्हाला फार भांडता आलं नाही. आजारपण किंवा प्रवेश रद्द झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल, अशी एक ओळ पेनने लिहून दोघांनी त्याखाली सही केली असती तर ते पैसे वाचले असते. तुम्ही ती ओळ लिहून घ्याच.

बिलात जीएसटी लावला असेल तर विचारा. जुलै २०२४ पासून, महिन्याला माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जीएसटीची सूट आहे. तुमच्या बजेटमधल्या कुठल्याही हॉस्टेलने जीएसटीच्या नावाने वर पैसे मागायचं कारण नाही.

फ्लॅट घ्याल तेव्हा एक गैरसमज आधीच काढून टाका. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू' असं एजंट म्हणतो. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानलेलं व्याज मिळून ०.२५ टक्का, म्हणजे तुमच्या १८,००० च्या फ्लॅटला साधारण ५०० रुपये, आणि पालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. बाकी पैसे एजंटच्या हेलपाट्यांचे. मुलगी अठरा वर्षांची पूर्ण झाली नसेल तर तिच्या नावाने करार होत नाही, तो तुमच्या नावाने करावा लागेल आणि अंगठ्याच्या पडताळणीला तुम्हालाच यावं लागेल. तारीख ठरवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर परभणीहून दोन फेऱ्या होतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते, ती दिल्याची प्रत मागून घ्या. सोसायटीत 'विद्यार्थिनी चालत नाहीत' असा ठराव आहे का, तेही आधी विचारा. सामान आणल्यावर गेटवर अडवल्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशी भिंती, कपाटं, नळ, गीझर, काचा यांचे फोटो काढून ते मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. डिपॉझिट कापताना 'हे तुमच्या मुलीने तोडलं' असं म्हणायला मग जागा राहत नाही.

राहता राहिला तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न: गेट टाईम किती कडक असावा? बहुतेक वडिलांना सातचा गेट टाईम सुरक्षित वाटतो. मी इतकी वर्षं दारात उभी राहिले आहे, त्यावरून सांगते. अभियांत्रिकीच्या मुलीची लॅब, ग्रंथालय, प्रोजेक्ट सहाच्या पुढे जातं. सातचं गेट असेल तर ती ग्रंथालय सोडते, नाहीतर उशीर झाला की घाबरून हॉस्टेलला न जाता कुठेतरी मैत्रिणीकडे राहते, आणि ती कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. साडेनऊची वेळ, उशीर होणार असेल तर फोनवर कळवायची मुभा, आणि उशिरा आलेल्या मुलीसाठी दार उघडणारी बाई, ही व्यवस्था मला सगळ्यात सुरक्षित वाटते. म्हणून गेटची वेळ विचाराच, पण पुढे हेही विचारा: 'रात्री अकराला हिला ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार?' त्या लहान हॉस्टेलच्या बाई तिथेच राहतात की संध्याकाळी घरी जातात, यावर माझा सल्ला बराचसा अवलंबून आहे. त्या तिथे राहत असतील, पाणी पालिकेचं असेल, आणि ९५,००० चा हिशेब त्या कागदावर लिहून देत असतील, तर पैसे भरा. महाविद्यालयापासून चालत वीस मिनिटांच्या आत असेल तर बसचे पैसेही वाचतील. यातलं एक जरी जमत नसेल तर घाईने कुठेच वर्षाचे पैसे भरू नका. ओळखीच्या घरी किंवा एखाद्या हॉस्टेलमध्ये महिन्याच्या बोलीवर पंधरा-वीस दिवस काढा. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या शेवटच्या फेरीनंतर काही मुली दुसरीकडे जातात, आणि सप्टेंबरमध्ये महाविद्यालयाच्या स्वतःच्या वसतिगृहात कॉट रिकाम्या होतात. रेक्टरच्या ऑफिसात प्रतीक्षा यादीवर नाव आजच घाला, आणि दर सोमवारी मुलीला तिथे जाऊन विचारायला सांगा.